पाण्याखालचे मास्तर

मॉरिसव्हिलला समुद्र नाही. विमानतळ आहे, देऊळ आहे, क्रिकेटचं मैदान आहे आणि लेक क्रॅबट्री नावाचं एक सुरेख तळंही आहे. पण त्यात पोहायला बंदी! खरा समुद्र बघायचा तर मोअरहेड सिटीपर्यंत मोटारीने तीन तास जायला हवं. असं असूनही हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात पंगतीला बसलं की शेजारच्या पानावरून ‘आम्ही यंदा स्कूबा शिकलो’ हे वाक्य कानावर येतंच. पूर्वी याच जागी ‘आम्ही यंदा नायगारा केला’ हे वाक्य असायचं. कालाय तस्मै नमः!

या स्कूबावाल्यांचं बोलणं ऐकताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्यांच्यात सरळ दोन तट आहेत. एका तटाची मंडळी कासवं, मासे, बुडालेली जहाजं यांच्याविषयी इतकं रंगून बोलतात की पानातला श्रीखंडाचा गोळा वितळून जातो. दुसऱ्या तटाची मंडळी म्हणतात, “आम्हीही केलं होतं हो, एकदा. पुन्हा नाव काढणार नाही.” आता कोणालाही वाटेल की पहिले धीट आणि दुसरे भित्रे. किंवा पहिले पट्टीचे पोहणारे आणि दुसरे कमरेएवढ्या पाण्यातले. तसं काही नाही. लहानपणी कृष्णेला पूर आला की पुलावरून सूर मारणारे एक सांगलीकर गृहस्थ दुसऱ्या तटात आहेत, आणि पाण्याच्या नुसत्या नावाने घाम फुटणाऱ्या एक वहिनी पहिल्यात आहेत. जरा खोदून विचारलं की दोघांच्याही बोलण्यात एकच माणूस निघतो: ज्याने त्यांना शिकवलं तो.

आपल्याकडे पोहायला शिकवायची रीत कशी होती ते आठवा. गावाकडची विहीर, पाठीला बांधलेला पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा, आणि काठावर उभा असलेला कोणी काका किंवा मामा. “बघू रे, केवढा बेडूक आहे तिथे!” असं म्हणून तो पाठीत एक रट्टा द्यायचा, की आपण विहिरीत! चार घोट पाणी पोटात गेलं की हातपाय आपोआप चालायला लागायचे. या पद्धतीने कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या, हे कबूल. काकांच्या या शाळेत एकच नियम होता: दम धरून ठेव आणि वर ये.

स्कूबात नेमका हाच नियम जिवावर बेततो, आणि तो का, हे समजून घेतलं की बाकीचं सगळं समजतं. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. टाकीतून येणारी हवा रेग्युलेटर त्याच दाबाने आपल्याला देतो, म्हणून तिथे छातीभर श्वास घेतला तर ती हवा वर आल्यावर दुप्पट जागा मागते. श्वास चालू ठेवून सावकाश वर आलं तर जादा हवा आपसूक बाहेर जाते. पण घाबरून दम कोंडून वर उसळी मारली तर ती जाणार कुठे? फुफ्फुस फाटतं. यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. चार-पाच फुटांवरूनसुद्धा अशी इजा होऊ शकते, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या उथळ बाजूलाही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम काकांच्या बरोब्बर उलटा आहे: दम कधीही धरायचा नाही. आणि माणूस दम केव्हा धरतो? घाबरला की! तेव्हा विद्यार्थी घाबरणार नाही इतपत हळू शिकवणं ही काही मास्तरांची मेहेरबानी नव्हे. तो त्या विद्येचा गाभा आहे.

आता तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम तर ठरलेला असतो ना? असतो. अमेरिकेत हे शिक्षण सरकार देत नाही, खाजगी संस्था देतात. १९५४ साली लॉस एंजलिस काउंटीच्या अल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन यांनी स्क्रिप्स या समुद्रशास्त्राच्या संस्थेत कॉनरॅड लिंबॉ यांच्या हाताखाली शिकून घेतलं आणि मग काउंटीतर्फे सर्वसामान्यांसाठी वर्ग काढले. पुढे १९६० साली ‘नावी’ आणि १९६६ साली ‘पॅडी’ या संस्था निघाल्या. (या सगळ्यांचे जे आद्य गुरू, ते लिंबॉ स्वतः १९६० साली फ्रान्समधल्या पाण्याखालच्या एका गुहेत वाट चुकून गेले. पाणी गुरूंनाही सवलत देत नाही.) पॅडीच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी काय लागतं ते कोणालाही वाचायला मिळतं: दोनशे मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगत राहणं, तलावातले धडे, मग उघड्या पाण्यात चार बुड्या. एवढं झालं की अठरा मीटरपर्यंत जायची मुभा. वय किमान दहा. आणि दहा-अकराच्या मुलांना बारा मीटरची मर्यादा. एका शिक्षकामागे उघड्या पाण्यात आठ विद्यार्थी, त्याहून जास्त हवे तर हाताखाली मदतनीस. सगळं लिहिलेलं आहे. पण अभ्यासक्रम एकच असला तरी शाळेत गणिताचे मास्तर बदलले की वर्गाचं काय होत असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. कोणत्या संस्थेचं कार्ड चांगलं, यावर आपली मंडळी तासन्‌तास वाद घालतात. तो वाद आम्हाला फोल वाटतो. कार्डावर संस्थेचं नाव ठळक असतं आणि मास्तरांचं बारीक. व्हायला हवं होतं उलट.

आम्ही आणि सौ., दोघांनी हे शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला दोन मास्तर लाभले. पहिल्या दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तसली दुकानं गावोगाव असतात. वर्गात आम्ही आठ जण, म्हणजे नियमात चोख बसणारे. मास्तर तरुण, हुशार, पाण्यात माशासारखा. त्याने आम्हा आठांना तळाशी गुडघ्यावर ओळीने बसवलं. दिसायला अगदी श्रावणी सोमवारची पूजा! मग एकेकासमोर जाऊन खूण करायची, ‘मास्क काढा, पुन्हा घाला, आतलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढा.’ ज्याला जमलं त्याच्या नावापुढे पाटीवर फुली. ज्याला जमलं नाही त्याला एकदा पुन्हा. सौ.ची पाळी आली तेव्हा मास्क काढताच नाकात पाणी गेलं. आपल्याकडे ‘नाकातोंडात पाणी जाणं’ हा वाक्प्रचार आहे, आणि बिरबलाच्या गोष्टीतली माकडीण नाकातोंडात पाणी गेल्यावर काय करते तेही आपल्याला पाठ आहे. सौ.ने पिल्लावर पाय दिला नाही एवढंच. ती तडक वर आली. पाणी नऊ फूट होतं. मास्तर मागोमाग आला आणि म्हणाला, “काही नाही, सगळ्यांचं होतं, चला पुन्हा.” दुसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून, दात आवळून ते कसंबसं उरकलं. फुली पडली. त्या रात्री ती म्हणाली, “मला ते आलेलं नाही. त्याला वाटतं आलं.” या दोन वाक्यांत सगळं आलं.

दुसरं दुकान शोधलं. तिथल्या बाई साठीच्या घरातल्या, आधी शाळेत शिकवत असत. त्यांनी सौ.ला तळाशी नेलंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, मास्क काढून हातात दिला आणि सांगितलं, तोंडात रेग्युलेटर धरून नुसता चेहरा पाण्यात घाला आणि श्वास घ्या. नाक उघडं, तोंडाने श्वास. एवढंच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. वाटेल तेव्हा डोकं वर काढा. पाणी नाकाशी आलं तरी श्वास तोंडाने चालूच राहतो, हे शरीराला पटलं पाहिजे. डोक्याला पटून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. मग गुडघ्यावर, मग चार फुटांवर, मग खोल. त्या दिवशी दुसरं काहीच शिकवलं नाही. पण महिनाभराने थंडगार गढूळ पाण्यात दुसऱ्या कोणाची तरी फिन लागून सौ.चा मास्क खरोखरच निसटला, तेव्हा तिने तो शांतपणे चाचपून जागेवर बसवला, पाणी फुंकून काढलं आणि बाईंना ‘ठीक’ अशी खूण केली. आम्ही मात्र शेजारी गारठलो होतो.

त्या बाईंची आणखी एक रीत. त्यांनी कोणालाही गुडघ्यावर बसवून ठेवलं नाही. तळावर गुडघे टेकून केलेली कसरत ही जमिनीवरचीच कसरत, फक्त ओली, असं त्या म्हणत. समुद्रात गुडघे टेकायला जागा कुठे? तिथे खाली प्रवाळ असतं, नाहीतर तळच नसतो. म्हणून पहिल्या तासापासून त्रिशंकूसारखं अधांतरी राहायला शिकायचं: वर नाही, खाली नाही. पट्ट्यातलं शिसं किती हवं, हे त्यांनी प्रत्येकाला पाण्यात उभं करून तपासलं. पहिल्या दुकानात आमच्या कमरेला सरसकट इतकं शिसं बांधलं होतं की आम्ही दळणाच्या पोत्यासारखे तळाशी जाऊन बसत होतो. विद्यार्थी तळाशी बसलेला मास्तरांना सोयीचा पडतो, इकडेतिकडे जात नाही. पण जादा वजनाचा माणूस जादा हातपाय मारतो, दमतो, आणि त्याची हवा लवकर संपते.

हवा संपणे! इथे आमच्या गावाच्या शेजारचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॉरिसव्हिलहून वीस-पंचवीस मिनिटांवर डरॅममध्ये ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ म्हणजे ‘डॅन’ या संस्थेचं मुख्य कार्यालय आहे. जगात कुठेही बुडी मारणाऱ्याला काही झालं तर अहोरात्र फोन उचलणारी ही संस्था. १९८० साली ड्यूक विद्यापीठात डॉ. पीटर बेनेट यांनी तिची सुरुवात केली. याच बेनेटांच्या प्रयोगात १९८१ साली ड्यूकच्या दाबकोठडीत तीन माणसं ६८६ मीटर खोलीइतका दाब सोसून आली. म्हणजे समुद्रापासून तीन तास दूर, कोरड्या जमिनीवर बसून! आपण रोज ज्या रस्त्याने कामाला जातो त्याच्या टोकाला हे सगळं चालतं, आणि आपल्याला ड्यूक म्हटलं की फक्त बास्केटबॉल आठवतो.

तर या डॅनच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी स्कूबावाल्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत संकटाची सुरुवात कशाने झाली हे कळलं, त्यांत ४१ टक्के वेळा ती टाकीतली हवा अपुरी पडल्याने झाली होती. शार्क नाही, वादळ नाही. टाकीचा काटा! आणि पुढचा घात बहुतेक वेळा घाईघाईने वर येताना झाला होता. हे वाचल्यावर त्या मास्तरीणबाई आठवल्या. त्या दर दोन-तीन मिनिटांनी कोणालातरी खुणेने विचारायच्या, ‘हवा किती?’ आणि उत्तर द्यायला काट्याकडे बघावं लागलं तर डोळे वटारायच्या. काटा आधीच बघितलेला असला पाहिजे! स्वयंपाक करणाऱ्या बाईला सिलिंडर किती उरलाय ते न बघता कळतं, तसं. ही सवय पुस्तकातून लागत नाही. ती कोणीतरी मागे लागून लावावी लागते.

आपल्या लोकांपुढे एक अडचण मात्र खास आपली आहे. ‘समजलं का?’ असं मास्तरांनी विचारलं की आपली मान आपोआप हलते. समजलेलं असो नसो. मास्तरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे बाळकडू आपल्या पोटात आहे. पाण्याखाली तर मानेची भाषा चालतच नाही. अंगठा वर केला तर आपल्या लेखी ‘झकास’, पण तिथे त्याचा अर्थ ‘वर चला’. एक गृहस्थ प्रत्येक माशाला बघून अंगठा दाखवत होते आणि त्यांचा जोडीदार दर वेळी त्यांना वर घेऊन जात होता. हसण्यावारी गेलं म्हणून ठीक. चांगला मास्तर हात बघतोच, पण त्याहून अधिक डोळे बघतो. मास्कच्या काचेतून डोळे विस्फारलेले दिसले की हाताने केलेली ‘ठीक’ची खूण खोटी, हे त्याला कळतं. कानांचंही तसंच. खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसतात ना, तसेच ते पाण्यात बसतात, पण फार लवकर, पहिल्या दोन मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारत दडा सोडवत उतरायचं. ज्याचा सुटत नाही त्याने थांबायचं, थोडं वर यायचं. इथे सात जण पुढे गेलेले असतात आणि आपल्यामुळे खोळंबा होतोय या संकोचाने आपला माणूस कान दुखत असतानाही खाली जात राहतो. तो संकोच मोडून काढणं हे मास्तरांचं काम. ‘कोणीही, केव्हाही, काहीही कारण न देता बुडी थांबवू शकतो’, हे पहिल्याच तासाला जो सांगत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या तासाला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि मुलांचं? इथे जरा कडू बोलावं लागेल. व्हायोलिन, स्पेलिंग बी, टेनिस, गणिताची शिकवणी यांच्या यादीत आता स्कूबा येऊन बसलं आहे. एका स्नेह्यांचा बारा वर्षांचा मुलगा तलावातले धडे नीट करत होता, पण मास्क काढायची वेळ आली की त्याला पोटात दुखायचं. मास्तरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, “हा यंदा तयार नाही. पुढच्या वर्षी आणा. या वर्षी मी त्याला उघड्या पाण्यात नेणार नाही.” स्नेही भडकले. फ्लोरिडाची तिकिटं काढलेली, हॉटेल ठरलेलं, फी भरलेली. “आम्ही पैसे कशाचे दिले?” असा त्यांचा सवाल. आमच्या मते याच नकाराचे दिले. त्या मास्तरांना पैसे परत करावे लागले असतील, एक गिऱ्हाईक गेलं असेल. तरी तो नाही म्हणाला. मुलगा त्या फ्लोरिडाच्या सहलीत काठावरून नळी लावून मासे बघत बसला आणि मजेत होता, असं त्याच्या आईनेच सांगितलं. वडील अजून अढी धरून आहेत.

मॉरिसव्हिलकरांनी मास्तर शोधायचा तर थोडी चौकशी करावी. या भागात तलावातले धडे शनिवार-रविवारी होतात आणि उघड्या पाण्यातल्या बुड्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत, नाहीतर दुसरा पर्याय म्हणजे इथलं शिक्षण संपवून उरलेल्या बुड्या उबदार समुद्रावर दुसऱ्या मास्तरांकडे पुऱ्या करायच्या. खाणीतलं पाणी खाली उतरलं की एकदम गार पडतं आणि हातभर अंतरावरचं दिसेनासं होतं. तिथे शिकलेला माणूस पुढे कुठेही डगमगत नाही हे खरं. पण तिथेच धसका घेऊन हे सगळं सोडून देणारेही आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी एक तास नुसतं तलावाकाठी बसून त्या मास्तरांचा वर्ग बघायला मिळेल का, असं विचारावं. जे नाही म्हणतात त्यांना आपणही नाही म्हणावं. वर्गात किती जण असतात ते विचारावं. आठची परवानगी असून चारच घेणारे मास्तर आहेत. एखाद्याला जादा तास लागला तर काय करता, हेही विचारावं. आणि पहिल्याच भेटीत जो किनाऱ्यावरच्या यू-३५२ ची फुशारकी मारायला लागतो त्याच्यापासून जपून! ही जर्मन पाणबुडी ९ मे १९४२ रोजी अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘इकॅरस’ने बुडवली. ती आहे पाहण्यासारखीच, पण पस्तीस मीटर खोल. नवशिक्याला अठराची मुभा असते, तेव्हा ती गोष्ट पहिल्या दिवशी करायचं कारण नाही.

डिसेंबरात देशी जाणारी मंडळी हल्ली मालवणला स्कूबा करून येतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. ते शिक्षण नव्हे, ती चुणूक. मास्तर तुम्हाला धरूनच थोडं खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. तिथे तर सगळी भिस्त त्या एका माणसावर. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि किनाऱ्यावरची अनेक मुलं आता रीतसर शिकून हे काम करतात. पण सगळेच तसे नसतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले. तेव्हा घासाघीस करून दोनशे रुपये वाचवण्याऐवजी बोटीत किती जण, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, माझ्याबरोबर पाण्यात कोण उतरणार आणि त्याचं प्रमाणपत्र कोणतं, हे विचारावं. उतरण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात श्वास घ्यायचा सराव करून घेतात की नाही, तेही बघावं.

आमच्या ओळखीच्या एक आजी, इथे मुलीकडे सहा महिने आणि वेंगुर्ल्याला सहा महिने राहणाऱ्या, गेल्या खेपेला नातवंडांच्या हट्टापायी मालवणच्या बोटीवर गेल्या. डॉक्टरांना विचारून, सगळे कागद भरून. वय अडुसष्ट. नातवंडांना मास्तर हिंदी-इंग्रजीतून खुणा शिकवत होता, आजी गप्प. शेवटी त्याने विचारलं, “आजी, खंयच्या तुम्ही?” वेंगुर्ल्याच्या म्हटल्यावर पोराने सगळे धडे पुन्हा पहिल्यापासून मालवणीत घेतले. एकेक खूण, एकेक श्वास. शिडी उतरताना म्हणाला, “भियां नको, तुमचो हात मी सोडूचंय नाय.” आणि खरोखरच सोडला नाही. आजी दहा मिनिटं खाली होत्या. वर आल्यावर मुलीने विचारलं, “आई, काय काय दिसलं गं?” आजींनी मास्क कपाळावर सारला आणि त्या पोराकडे वळून पहिला प्रश्न केला, “रे, तू कोणाचो?”